चौदा मिनिटांची नोकरी

वाचक विचारतात, ताई सांगते

मागच्या अंकात रग्बी प्रीमियर लीगवर दोन पानं लिहिली होती. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत झाली ती, अंधेरीचं क्रीडासंकुल, सहा टीम आणि शेवटी चेन्नईनं मारलेली बाजी. मला वाटलं पंधरावीस लोक वाचतील आणि पुढं राशिभविष्याकडे वळतील, पण मेसेज इतके आले की संपादक म्हणाले यावेळी पूर्ण सदर रग्बीलाच देऊन टाका. सगळ्यांना उत्तर शक्य नाही. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं गाळलीत.

ताई, नमस्कार. आमची पोरगी अकरावीला आहे. तीन वर्षं झाली रग्बी खेळते, ते सातजणींचं. स्टेटला दोनदा जाऊन आली. आता म्हणते ह्यातच करिअर करायचं. आमच्या घरात कुस्ती झाली, कबड्डी झाली, त्यातलं आम्हाला कळतं, पण ह्यातलं काय कळंना झालंय. इंटरनॅशनल प्लेअर झालं म्हणजे पुढं नक्की काय होतं? पगार असतो का? किती वर्षं खेळतात? आणि ती सारखी कुणा जेरी टुवाईचं नाव घेते, तो कोण?
— एक बाप, कोल्हापूर

दादा, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण टुवाई कळला की बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच मिळतात.

टुवाई फिजीचा. फिजी म्हटलं की आपल्याला ऊस आणि गिरमिटिये आठवतात, तिथल्या लोकांना विचारलं तर आधी रग्बी सांगतील. अख्ख्या देशाची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास, तुमचा कोल्हापूर जिल्हा त्याच्या चौपट भरेल. हा गडी जन्मला १९८९ ला, राजधानी सुवाच्या जवळ न्यूटाउन नावाच्या गरीब वस्तीत. एका खोलीचं घर. बॉल घ्यायला पैसे नाहीत म्हणून पोरं प्लास्टिकची बाटली नाहीतर कपड्याचा बोळा घेऊन रस्त्याच्या सर्कलवर खेळायची. आपल्याकडे फळकुटाची बॅट करतात ना, तसंच.

आता महत्त्वाचं ऐका. हा पोरगा गुणी होता हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं, लोकल टुर्नामेंटमध्ये नाव होतं, पण नॅशनल टीमनं त्याला पंचविसाव्या वर्षापर्यंत हाक मारली नाही. उंची बेताची, ओळखपाळख नाही. २०१३ मध्ये बेन रायन नावाचा इंग्रज कोच फिजीला आला, त्यानं ह्याला उचललं आणि २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये गोल्ड कोस्टला टुवाई पहिल्यांदा फिजीकडून खेळला. घरातून निघताना आईनं त्याच्या हातात बूट दिले आणि सांगितलं की हेच तुझे सुरी-काटा, जेवायचं असेल तर हे वापरावे लागतील. हा किस्सा फिजीत आता सगळ्यांना पाठ आहे. मला स्वतःला त्यातली आई जास्त आवडते, पोराला शाबासकी नाही, उपदेश नाही, थेट पोटापाण्याचं बोलली.

पुढचं तर रेकॉर्डच आहे. २०१५ आणि २०१६ ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनभर वेगवेगळ्या देशांत फिरणारी स्पर्धा, जिंकली, २०१६ ला रिओ. सेव्हन्स, म्हणजे तुमच्या पोरीचं ते सातजणांचं रग्बी, ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच आलेलं, फायनलला समोर ग्रेट ब्रिटन, म्हणजे एकेकाळचे मालक, आणि हाफटाइमला स्कोअर २९-०. शेवटी ४३-७. फिजीचं आजवरचं पहिलं ऑलिम्पिक मेडल, आणि तेही सरळ गोल्ड. मेडल द्यायला ब्रिटनची राजकन्या अ‍ॅन आलेली आणि हे सहा-सहा फुटी धिप्पाड गडी एकेक करून तिच्यापुढं गुडघ्यावर बसले, हाताची ओंजळ करून टाळ्या वाजवल्या, ती तिकडची मोठ्यांना मान द्यायची रीत आहे. व्हिडिओ मिळाला तर पोरीबरोबर बसून बघा. देशानं नंतर सात डॉलरची नोट काढली, सात खेळाडू म्हणून सात. कोचला तीन एकर जमीन आणि सरदारकीचं नाव दिलं.

आणि आता तुमचा पगाराचा प्रश्न. ज्या कोचला जमीन मिळाली त्याला सुरुवातीचे काही महिने पगारच मिळाला नव्हता, कारण फिजीच्या युनियनकडे, म्हणजे तिथल्या रग्बी संघटनेकडे, पैसे नव्हते. टीममधली पोरं तुरुंगात पहारा देणारी, पोलिसातली, हॉटेलात सामान उचलणारी. खेळाचा पैसा घरी पाठवावा इतका नव्हता. म्हणून फिजीचे बरेच जण दोनतीन सीझन सेव्हन्स खेळतात आणि पंधराजणांच्या रग्बीसाठी फ्रान्सला, इंग्लंडला जातात, तिथं क्लबांकडे पैसा आहे. टुवाई मात्र सेव्हन्सलाच परत परत येत राहिला. २०१९ ला तिसरी वर्ल्ड सिरीज, जगातला त्या वर्षीचा बेस्ट प्लेअर, मग २०२० मध्ये दशकातला बेस्ट प्लेअर.

टोकियोची गोष्ट तर मी प्रत्येक पालकाला सांगते. कोविडचं वर्ष, २०२१. फिजीत साथ पसरलेली. टीम ईस्टरपासून कॅम्पमध्ये, सरावाच्या मॅचेससाठी ऑस्ट्रेलियाला गेले, परत घरी यायची सोय नाही. बायकापोरं महिनोन्‌महिने फोनच्या स्क्रीनवर. टोकियोला जायला पॅसेंजर विमान मिळेना म्हणून गोठवलेले मासे वाहून नेणाऱ्या मालवाहू विमानातून गेले. टुवाई कॅप्टन. फायनलला न्यूझीलंडला २७-१२ नं हरवलं आणि हा बत्तीस वर्षांचा माणूस मैदानावर लहान पोरासारखा रडला. दोन ऑलिम्पिक गोल्ड असलेला फिजीचा एकमेव माणूस आहे तो. २०२४ ला पस्तिसाव्या वर्षी पॅरिसला परत टीममध्ये, यावेळी फायनलला फ्रान्सकडून २८-७ नं हरले, सिल्व्हर. तोपर्यंत तीन ऑलिम्पिक मिळून फिजीनं एकही मॅच गमावली नव्हती, सलग सतरा.

तुमची पोरगी ह्यातली मेडलं बघत असणार, वयच तसं आहे. तुम्ही मात्र मधली वर्षं बघा. पंचविशीपर्यंत वाट, मग कॅम्प, मग घरापासून लांब, आणि पैसा जेमतेम.

श्रीमंत देशात तरी बरं असेल असं वाटेल तुम्हाला, मलाही वाटायचं. इंग्लंडचा डॅन नॉर्टन, वर्ल्ड सिरीजमध्ये ३५८ ट्राय (बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला की एक ट्राय), जगात कुणाच्याच एवढ्या नाहीत. २०२० मध्ये कोविडमुळं इंग्लंडनं सेव्हन्सचे सगळे कॉन्ट्रॅक्ट बंद केले, त्यात हाही घरी. ऑलिम्पिक वर्षभरावर आलेलं आणि पगार बंद. आयर्लंडनं २०२५ मध्ये पुरुषांच्या सेव्हन्सचा कार्यक्रमच गुंडाळायचं ठरवलं. वर्ल्ड सिरीजमध्ये पूर्वी पुरुषांच्या सोळा टीम होत्या, मग बारा झाल्या, २०२५-२६ च्या सीझनला वरच्या गटात आठच. एका टीममध्ये मैदानावर सात, बाकावर पाचसहा. गुणाकार तुम्हीच करा, जगात ह्या कामाच्या जागा किती आहेत ते लगेच कळेल. कुस्तीच्या आखाड्यात निदान गाववाले बक्षीस लावतात.

आपल्याकडचं खरं सांगू का? रग्बीवर घर चालवणारी मुलगी मला तरी अजून भेटलेली नाही. मुंबईच्या त्या लीगमुळं थोडं चित्र बदलतंय, पण पहिला सीझन फक्त पुरुषांचा होता. आपल्याकडे सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण कुठली स्पर्धा, कुठला नंबर, कुठलं सर्टिफिकेट चालतं ह्याचे नियम असतात आणि ते बदलतात, त्यामुळं गल्लीतल्या कुणाचं ऐकू नका, स्वतः जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन आताचा जीआर मागून वाचा, आणि पोरीचं प्रत्येक सर्टिफिकेट पहिल्या दिवसापासून फाइलला लावा. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचं स्टेटचं सर्टिफिकेट पुरात गेलं आणि डुप्लिकेट मिळवायला तिला दोन वर्षं खेटे घालावे लागले, कुठं ते लिहीत नाही.

पुण्याची वाहबिझ भरूचा भारताची कॅप्टन राहिलेली आहे, आणि ती फिजिओथेरपिस्ट आहे. शाळकरी वयापासून खेळतेय, शिक्षण सोडलेलं नाही. २०१९ मध्ये मनिलाला आपल्या मुलींनी सिंगापूरला २१-१९ नं हरवलं, पंधराजणींच्या रग्बीतला भारताचा पहिला इंटरनॅशनल विजय. माझ्या मते तुमच्या पोरीनं टुवाईचा फोटो भिंतीवर लावावा आणि वाहबिझचं वेळापत्रक टेबलावर ठेवावं. बारावीनंतर फिजिओ, स्पोर्ट्स सायन्स, बीपीएड, जे झेपेल ते. तुम्ही फक्त एक करा दादा, "ह्यातनं मिळणार काय" हे जेवताना रोज विचारू नका. महिन्यातून एकदा चालेल.

फुटबॉल नव्वद मिनिटं, कबड्डी चाळीस मिनिटं, आणि हे लोक चौदा मिनिटं खेळून अ‍ॅम्ब्युलन्समधून आणल्यासारखे लोळतात. नाटक आहे का?
— कॉलेजमधला फुटबॉलवाला, अमरावती

ये एकदा मैदानावर, मग बोलू.

मैदान पंधराजणांच्या रग्बीचंच आहे रे, शंभर मीटर लांब, सत्तर रुंद, त्यात फक्त सात. म्हणजे तुझ्या दोन्ही बाजूला दहा-दहा मीटर मोकळी जागा आणि समोरून येणारा माणूस फिजीचा. दोन हाफ सात-सात मिनिटांचे, मध्ये दोन मिनिटं. एका मॅचमध्ये एकेक जण दीडएक किलोमीटर पळतो, ऐकायला कमी वाटतं, पण त्यातलं बरंच फुल स्पीडनं आणि मध्ये मध्ये कुणाला तरी पाडायचं, स्वतः पडायचं, उठायचं, परत ओळीत यायचं. पडल्यावर उठायला जी तीन सेकंद लागतात तिथंच मॅच हरतात. प्रॅक्टिसला आमचे कोच पळायला लावायचे नाहीत, पाडायचे. छातीवर पड, ऊठ, दहा मीटर पळ, परत पड. पाचव्या फेरीला आदल्या दिवशीची मिसळ आठवते.

त्यात नियम असा की ट्राय मारणारी टीमच परत किक मारून बॉल समोरच्यांना देते, म्हणजे तू आत्ता साठ मीटर धावून पाच गुण आणलेस, तुझ्याच टीमनं पटकन ड्रॉपकिक, म्हणजे बॉल जमिनीवर टाकून उसळताच मारलेली किक, मारून वरचे दोन मिळवायचे, तीस सेकंद असतात फक्त, आणि लगेच पळत जाऊन किकऑफला उभं राहायचं. दम खायला वेळच नाही. कुणाला यलो कार्ड मिळालं तर दोन मिनिटं बाहेर. पंधराच्या खेळात दहा मिनिटं असतात, पण इथं दोन मिनिटं म्हणजे मॅचचा सातवा हिस्सा आणि तेवढ्यात दोन ट्राय बसतात.

आणि खरी मेख ही की मॅच एक नसते. दोन-तीन दिवसांत पाचसहा. सकाळी दहाला खेळलास की दुपारी परत, संध्याकाळी परत. मधल्या वेळात प्लेअर काय करतो हे टीव्हीवर दिसत नाही. बर्फाच्या ड्रममध्ये कंबरेपर्यंत बसायचं, केळं, भात, मीठसाखरपाणी, फिजिओच्या टेबलावर नंबर लावायचा, घोट्याची टेप कापायची आणि नवी बांधायची, कोपऱ्यात वीस मिनिटं झोप, उठलं की सगळं अंग आखडलेलं, परत वॉर्मअप. इंटरनॅशनल सेव्हन्सवाल्याचं अर्धं कौशल्य ह्या मधल्या तीन तासांत असतं असं मी म्हणते, लोक हसतात. दुसऱ्या दिवशी दुपारी सेमीफायनलला ज्याचे पाय हलतात त्याला सिलेक्ट करतात, पहिल्या मॅचचा हिरो कुणाच्या लक्षात राहत नाही.

हे सगळं सुरू कुणी केलं माहितीये? स्कॉटलंडमधल्या मेलरोज गावच्या नेड हेग नावाच्या खाटकानं, १८८३ मध्ये. क्लबला पैसे हवे होते, एका दिवसात जास्त टीमच्या मॅच लावून गर्दी जमवायची तर माणसं आणि वेळ दोन्ही कमी करा. म्हणजे जन्मच मुळी गल्ला जमवायला झालेला खेळ, आणि प्लेअरच्या खिशात मात्र अजून खडखडाट.

ताई, मुलगा नववीत आहे. परवा डोक्याला लागलं, दोन मिनिटं काही आठवत नव्हतं, आणि तरी त्याला परत मैदानात पाठवलं. तो म्हणतो काही होत नाही. मला झोप नाही.
— एक आई, नाशिक

तुम्ही बरोबर आहात, तो चूक आहे, आणि ज्यांनी पाठवलं तेही.

इंटरनॅशनल मॅचला असं झालं तर प्लेअर बाहेर येतो, डॉक्टर तपासतो, आणि आठवण गेली असेल तर त्या दिवशी परत मैदान नाही, मग तो कितीही मोठा स्टार असो. शाळेच्या, क्लबच्या मैदानावर डॉक्टर नसतो म्हणून तिथं नियम अजून सोपा, शंका आली की बाहेर. मोठा मार दिसला पाहिजे असं नाही. चक्कर, उलटी, प्रकाश नको वाटणं, चिडचिड, गृहपाठात लक्ष न लागणं, हे दुसऱ्या तिसऱ्या दिवशीही येतं. आधी डॉक्टरांना दाखवा, आजच. मग आराम, मग हळूहळू चालणं, पळणं, आणि टॅकलची, म्हणजे समोरच्याला धरून पाडायची, प्रॅक्टिस सगळ्यात शेवटी, तीही डॉक्टर हो म्हणाले तरच. कोच रागावला तर रागावू दे.

हे लिहिताना मला माझंच एक आठवतंय. मुंबईत रग्बी पावसाळ्यात चालतं, जमीन मऊ असते म्हणून. आझाद मैदानाच्या बाजूला जिमखान्याच्या चिखलात मी माझ्या दुसऱ्याच सीझनला एकीला पाडायला गेले, डोकं चुकीच्या बाजूला, म्हणजे तिच्या पुढ्यात ठेवलं. तिचा गुडघा माझ्या खांद्यावर. कॉलरबोन मोडल्याचा आवाज मला बाहेरून आल्यासारखा ऐकू आला, फांदी मोडावी तसा, आणि पहिला विचार काय तर आईला काय सांगू. सहा आठवडे हात गळ्यात. त्यानंतर मी तीन महिने फक्त टॅकल शिकले, गुडघ्यावर बसून, मग चालत, मग पळत. डोकं समोरच्याच्या पाठीमागच्या बाजूला, गाल त्याच्या कुल्ह्याला घट्ट, खांदा मांडीला, हाताचा विळखा, आणि पाय हलते ठेवायचे. आपली मुलं कबड्डीतून येतात ना, त्यांना घोटा पकडायची सवय असते, डोकं खाली जातं, आणि समोरच्याचा गुडघा लागतो. मुलाच्या कोचना एवढंच विचारा की टॅकल गुडघ्यावर बसवून शिकवलं का. उत्तर गोलगोल आलं तर दुसरा क्लब शोधा.

इथे दुबई सेव्हन्स बघायला आम्ही मराठी मंडळी दरवर्षी जातो, खरं तर पिकनिक म्हणूनच. प्रश्न असा की पंधराच्या रग्बीतले सुपरस्टार अधूनमधून सेव्हन्सला येतात, ते येऊन लगेच जिंकतात का? मग सेव्हन्सवाल्यांचं स्पेशल असं काय राहिलं?
— एक इंजिनियर, दुबई

दोन माणसं सांगते, उत्तर त्यातच आहे.

एक, फ्रान्सचा आंत्वान दुपाँ. पंधराच्या रग्बीत जगातला सगळ्यात भारी म्हणून गणला जाणारा. २०२४ मध्ये त्यानं सहा देशांची मोठी स्पर्धा सोडली आणि सेव्हन्सच्या कॅम्पला गेला. मार्चमध्ये लॉस एंजेलिसला फ्रान्स जिंकलं, २००५ नंतर पहिल्यांदा. जुलैला पॅरिस ऑलिम्पिकची फायनल, समोर फिजी, हाफटाइमला ७-७. दुपाँ बाकावर. दुसऱ्या हाफला आला, आल्या आल्या कडेनं पळून ट्रायचा बॉल दिला, मग स्वतः दोन मारल्या. बाकावर बसून राहिला, ह्याला मी जास्त मार्क देते, जगातला पहिला नंबर आणि कोच म्हणाला थांब तर थांबला.

दुसरा, ऑस्ट्रेलियाचा मायकल हूपर. पंधराच्या टीमचा कित्येक वर्षं कॅप्टन, शंभराच्या वर टेस्ट, म्हणजे देशाकडून खेळलेल्या मॅच. तोही पॅरिससाठी सेव्हन्सला आला, मनापासून मेहनत केली, आणि फायनल टीममध्ये नाव आलं नाही. इंजिन वेगळं लागतं हो. पंधरात तुम्ही चुकलात तर शेजारचा झाकतो, इथं शेजारीच नसतो.

पुढच्या वेळी पिकनिकला गेलात तर एक करा. बॉलकडे बघू नका, बॉल नसलेल्या कडेच्या माणसाकडे बघा. तो हळू चालत असतो, दम खाल्ल्यासारखं दाखवतो, आणि समोरच्याचा एक पाय चुकीचा पडला की निघतो. टुवाईचं सगळं आयुष्य त्या एका पायावर आहे, समोरच्याच्या. दोन्ही बाजूंना सारख्याच सहजतेनं वळतो, अंगाला हात लागत नाही, आणि उंची पावणेसहा फुटांच्या आत. उंचीबद्दल ज्या आठजणांनी विचारलंय त्यांनाही हेच उत्तर समजा.

वय २४, जिल्ह्याला कबड्डी खेळले, आता मैत्रिणी रग्बीला बोलावतायत. उशीर झाला ना?
— सातारा

नाही गं. टुवाईचं वर वाचलंसच. अमेरिकेचा पेरी बेकर अमेरिकन फुटबॉलमध्ये मोठ्या टीमच्या कॅम्पपर्यंत गेला, गुडघ्यामुळं सुटलं, किडामुंगी मारायच्या फवारणीच्या कामाला लागला, तिथून सेव्हन्सला आला आणि २०१७, २०१८ अशी लागोपाठ दोन वर्षं जगातला बेस्ट ठरला. मुंबईच्या लीगमध्येही खेळून गेला, विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेनं, पळताना त्याचे पाय जमिनीला लागतात की नाही शंका येते. न्यूझीलंडची पोर्शिया वुडमन आधी नेटबॉल खेळायची, २०१२ मध्ये तिकडच्या युनियननं दुसऱ्या खेळातल्या मुलींना ट्रायलला बोलावलं त्यात आली, आणि पुढं दोन ऑलिम्पिक गोल्ड. आपली बिहारची स्वीटी कुमारी आधी धावायची. सेव्हन्समध्ये मुलींचं असंच आहे, बहुतेक जणी दुसरीकडून आलेल्या, कारण लहानपणापासून रग्बी शिकवणाऱ्या शाळा किती?

कबड्डीचं तुझं बसणं, पटकन दिशा बदलणं, अंगावर यायची भीती नसणं, हे सगळं उपयोगी. सोडायचं काय तर तो घोटा पकडायचा मोह, वरच्या आईंना लिहिलंय ते वाच. आणि शिकायचं काय तर पास, कारण बॉल पुढं फेकता येत नाही, मागंच द्यावा लागतो, आणि पहिले दोन महिने तुझा मेंदू हे मान्यच करणार नाही. देशासाठी खेळशील का ते मला माहीत नाही. चोविसाव्या वर्षी जिल्हा टीमला नवीन मैत्रीण मिळेल एवढं नक्की.

ताई, बूट कुठले घ्यायचे? बजेट कमी आहे आणि पाऊस सुरू होतोय.
— आठवीची विंगर, पनवेल

वा, विंगर! फुटबॉलचे चालतात गं, रग्बीचेच पाहिजेत असं नाही. खाली गोल बटणं असलेले बघ, पात्यासारखे धारदार नकोत, कुणाच्या हातावर पाय पडला तर चिरतं. मेटलचे असतील तर २१ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाहीत आणि मॅचच्या आधी रेफरी बोट फिरवून बघतो, कडा उचललेली असली तर बाहेर काढतो. वाढत्या वयात एक नंबर मोठा घेऊन पुढं कापूस कोंबायचा सल्ला कुणी देईल, ऐकू नको, पाय आत सरकतो आणि नख जातं. सीनियर मुलींचे जुने मागून घे, लाजू नको, मी पहिले दोन सीझन दुसऱ्याच्याच बुटांवर काढले आणि त्यातल्या एका जोडीला आधीच्या मालकिणीनं आतून बॉलपेननं नाव लिहिलेलं होतं ते शेवटपर्यंत पुसलं गेलं नाही.

चिखलातून आल्यावर बूट पंख्याखाली ठेव, गॅसजवळ नाही, सोल सुटतो. आत पेपर कोंब आणि तो रात्री एकदा बदल. आमच्याकडे ह्या कामाला रविवारची पुरवणी ठेवलेली असायची, ती जाड असते.